एकोडीत पाहायला काय आहे?

"का जी, कोन्या गावचे?"

गावात शिरल्यापासून पंधरा मिनिटांत हा प्रश्न मला तिघांनी विचारला. पहिला पानठेल्यावरच्या पोरानं, दुसरा सायकलच्या कॅरियरला तनसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, भारा बांधून चाललेल्या म्हाताऱ्यानं आणि तिसरा ओसरीत तांदूळ निवडत बसलेल्या बाईनं. पुण्याहून आलो म्हटलं की पुढचं ठरलेलं: "कोनाकडं?" घराचं नाव सांगितलं की चेहरा मोकळा व्हायचा. पण "काम का काढलं?" याचं उत्तर देताना माझी पंचाईत होई. इथं लोक जमीन घ्यायला येतात, विमा विकायला येतात, मतं मागायला येतात, सोयरीक जमवायला येतात. नुसतं गाव बघायला आलो म्हणणारा माणूस जरा संशयितच. म्हाताऱ्यानं सायकल थांबवली, माझ्याकडे आणि पाठपिशवीकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "एकोडीत पाहाले का आहे जी? पाहाचं त नागझिऱ्याले जा."

त्याचं काही चुकलं नव्हतं. साकोली तालुक्यात बाहेरचा माणूस येतो तो पिटेझरीच्या फाटकातून नागझिऱ्याच्या जंगलात शिरायला. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, आणि तेव्हापासून पहाटेच्या थंडीत कानटोप्या घातलेल्या लोकांनी भरलेल्या जिप्सी या भागातल्या गावांवरून धूळ उडवत जातात. गावं त्यांना दिसतात ती जंगल येईपर्यंतचा रस्ता म्हणून.

मी त्यांच्यातलाच. दोनदा नागझिऱ्याला येऊन गेलो होतो, आणि दोन्ही वेळा वाघापेक्षा रस्त्यालगतची कवेलूंची घरं आणि त्यांच्यामागे मधूनच चमकणारं पाणी जास्त लक्षात राहिलं होतं. नागपूरच्या एका मित्राचं मूळ घर एकोडीला. तो म्हणाला, दिवाळीनंतर ये, धान कापणीला आलेलं असेल, काकाजी घरीच असतात.

आधी पत्त्याची गोष्ट. एकोडी नावाची दोन गावं आहेत, एक भंडारा जिल्ह्यात साकोलीजवळ आणि दुसरं गोंदियाकडे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, तोवर दोन्ही एकाच भंडारा जिल्ह्यात होती. चौकशी करताना "साकोलीचं एकोडी" असंच म्हणावं. मी नुसतं एकोडी म्हणालो आणि नागपूरच्या बसस्थानकावर एका सज्जन माणसानं मला मोठ्या आपुलकीनं गोंदियाच्या गाडीत बसवून दिलं. गाडी हलायच्या आत मित्राचा फोन आला म्हणून वाचलो.

नागपूरहून साकोली शंभरेक किलोमीटर. भंडारा मागे पडलं की कारध्याच्या पुलावर वैनगंगा लागते. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झाली. ते धरण खाली पवनीजवळ, पण त्याचं साठलेलं पाणी इथवर फुगलेलं असतं, आणि नदी वाहते आहे की थांबली आहे हे पुलावरून कळत नाही. मग लाखनी, मग मोहघाट्याचं जंगल, आणि साकोली. महामार्ग सोडून एकोडीच्या बाजूला वळलो की पाच मिनिटांत ट्रकांची घरघर विरते. दोन्ही बाजूंना बांध्या सुरू होतात.

बांधी म्हणजे धानाचं शेत, चारी बाजूंनी धुरे घालून पाणी तुंबवता येईल असं. लहान लहान, वेड्यावाकड्या आकाराच्या, उतारावर पायरीनं उतरत गेलेल्या. पश्चिम महाराष्ट्रात आपण ज्याला भात म्हणतो ते इथं ताटात वाढल्यावर भात. शेतात उभं असेपर्यंत धान. कापणी सुरू झाली होती. कापलेलं धान वाळायला जमिनीवर आडवं पसरून ठेवलं होतं, त्याला कडपा म्हणतात. वाळलेल्या कडपा गोळा करून रचलेले पुंजणे दूरवर झोपड्यांसारखे दिसत होते.

त्या तिघांपलीकडे गावात मात्र कोणी नव्हतं. दुपारचे दोन वाजलेले. शेणानं सारवलेली अंगणं, ओसरीत पालथी घातलेली सुपं, दाराला नुसती कडी. एक कोंबडी पिल्लांना घेऊन रस्ता ओलांडत होती. लांबून मळणीयंत्राची धडधड येत होती आणि थांबत होती. शहरातून आलेल्या माणसाला ही शांतता फार आवडते, तो लगेच तिच्यावर काहीबाही लिहायला बसतो. खरं कारण साधं होतं: सगळा गाव बांधीत होता. वाऱ्याचा किंवा ढगाचा भरवसा नसलेल्या त्या आठवड्यात घरी बसणं परवडत नाही. वाळत पडलेल्या कडपांवर अवकाळी पाऊस पडला तर लोंबीतच कोंब फुटतात.

शांत, जुन्या वळणाच्या गावांची ओढ मला मोरोक्कोवरची प्रवासवर्णनं वाचताना लागली. तिथल्या ॲटलास पर्वतात बर्बर लोकांची मातीची गावं आहेत. ते स्वतःला अमाझिग म्हणवतात, बर्बर हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, पाटाचं पाणी आणि प्रत्येक घराची पाण्याची ठरलेली पाळी. त्यातलं सर्वांत गाजलेलं आइत बेनहद्दू १९८७ साली जागतिक वारसा यादीत गेलं. आज तिथली बहुतेक कुटुंबं नदीपलीकडच्या नव्या वस्तीत राहतात आणि जुन्या तटबंदीत प्रवासी फिरतात. गाव बघण्याजोगं झालं, की त्यात राहणं अवघड होत असावं. एकोडीला तो धोका नाही. इथं किल्ला नाही, लेणी नाहीत, तिकीट नाही. तरीही तिथल्या त्या पाण्याच्या पाळ्यांची गोष्ट माझ्या डोक्यात होती, आणि तिचा धागा दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला.

काकाजी पहाटेच उठवायला आले. "चला, तलावावर जाऊन येऊ." धुक्यातून धुऱ्याधुऱ्यानं चालत आम्ही एका लांबलचक मातीच्या उंचवट्यावर चढलो. त्यावर मोठी जुनी झाडं, मधून बैलगाडीची चाकोरी. मी तो रस्ताच समजलो होतो. पलीकडे पाहिलं तर धुक्याखाली पाणी. आम्ही तलावाच्या पाळीवर उभे होतो. जुन्या माणसांच्या तोंडी ती "पार" होते, कारण इथल्या झाडीबोलीत ळ नाही, त्याच्या जागी र येतो.

पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते यावरूनच. कागदोपत्री त्यांचं नाव "माजी मालगुजारी तलाव", बोलताना "मामा तलाव". पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की कुणाच्या तरी मामानं बांधला असेल.

पावसाचा हिशेब आधी सांगायला हवा, नाहीतर तलावांचं मर्म कळत नाही. भंडाऱ्यात वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूरच्या माणसाला हा आकडा ऐकून हेवा वाटेल. एवढा पाऊस असताना तलाव कशाला? कारण तो सगळा तीन-साडेतीन महिन्यांत पडून जातो, आणि नेमका लोंबी भरायच्या वेळी, आश्विनात, तोंड फिरवतो. धानाला तेव्हाच्या एका-दोन पाण्यांची गरज असते. तेवढी दोन पाणी मिळाली तर पोतं भरतं, नाही मिळाली तर नुसतं तनस. त्या दोन पाण्यांसाठी हे सारं बांधकाम.

ते बांधलं कोणी? गोंड राजांच्या काळात जंगल तोडून तलाव बांधील त्याला जमीन, असं धोरण होतं. त्याचा फायदा घेतला तो मुख्यतः कोहळी समाजानं. चांद्याच्या गोंड राजानं काशीयात्रेहून येताना त्यांना आणलं, अशी त्यांच्यात आख्यायिका आहे. ऊस आणि धान पिकवणारे हे लोक तलावाची जागा हेरण्यात वाकबगार. नवेगावचा प्रचंड बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यानं बांधला, असं सांगतात. लोकांनी पुढे त्याला कोलासूर करून देवच केलं. अभियंत्याचा देव झाल्याचं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही.

काकाजींनी मला पाळीच्या पोटात शिरलेली एक रचना दाखवली. "हे तुडूम." तलावाच्या आतल्या अंगाला एकावर एक भोकं, प्रत्येकात बूच. पाण्याची पातळी उतरेल तसं वरचं बूच सोडून खालचं काढायचं. म्हणजे पाणी नेहमी वरच्या थरातून, बेताच्या जोरानं बाहेर पडतं. तळाचा गाळ ढवळत नाही, पाळीवर ताण येत नाही. तिकडे पाळीच्या एका टोकाला सांडवा, त्याला सलंग म्हणायचं. तीन बाजूंनी पाळ, चौथी बाजू उघडी, जिकडून रानातलं पाणी आपल्या पायांनी चालत येतं. तुडुमातून सुटलेलं पाणी नहरानं पहिल्या बांधीत, तिथून धुऱ्याला पाडलेल्या तोंडातून दुसऱ्या बांधीत, असं खाली उतरत जातं. वेड्यावाकड्या, लहान बांध्या का, हे मला तेव्हा कळलं. जमिनीचा उतार सांगेल तिथं धुरा.

आणि पाण्याची पाळी? "तिच्यासाठी पानकर राहे," काकाजी म्हणाले. पानकर म्हणजे पाणी वाटणारा. कोणाच्या बांधीत किती वेळ तोंड उघडायचं, हे तो ठरवी आणि त्याचा शब्द अखेरचा. त्याला धानात मेहनताना मिळे. त्याची स्वतःची शेती शेवटच्या टोकाला असेल तर उत्तम, म्हणजे पाणी तिथवर पोचतंच! हे शेवटचं वाक्य काकाजींनी डोळा बारीक करून सांगितलं. खरं खोटं देव जाणे.

मग १९५० आलं. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होतं. तिथल्या विधिमंडळानं मालगुजारी रद्द करणारा कायदा केला आणि १९५१ पासून तो अमलात आला. मालगुजार म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा, त्यातून स्वतःचा वाटा घेणारा. ती पद्धत जायलाच हवी होती. त्याबद्दल हळहळ करणाऱ्यांत मी नाही. पण तिच्याबरोबर मालगुजारांकडचे तलावही सरकारजमा झाले. गावाचे पाण्याचे, चराईचे, सरपणाचे हक्क निस्तार पत्रकात नोंदले गेले, आणि दुरुस्तीची जबाबदारी लांब कचेरीत गेली. महाराष्ट्र झाल्यावर लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. पूर्वी उन्हाळ्यात गाव गाळ काढायचा, पाळीवर माती चढवायचा. आता "सरकारचा तलाव आहे, सरकार काढील." मालकी गेली की ममता जाते, असं सोपं गणित मला मांडायचं नाही, कारण मालकी अनेकांची कधी नव्हतीच. मात्र तुडूम गळतं आहे हे गावाला आजही सरकारच्या आधी कळतं, आणि दुरुस्तीचा अंदाजपत्रक-मंजुरी-निविदा हा प्रवास आश्विनाच्या आत क्वचितच संपतो.

धुकं विरलं तसा पाण्यात एक डोंगा दिसला. ढिवर जाळं टाकत होता. हे तलाव जेवढे शेतकऱ्याचे तेवढेच ढिवरांचे. मरळ, दाडक, झिंगे हे इथले मूळ मासे. आता मत्स्य सहकारी संस्थांमार्फत रोहू-कटल्याचं बीज सोडतात, ते लवकर वाढतात, तालुक्याला विकले जातात. मूळ मासे मागे पडले. त्यात काठानं बेशरम माजली. जांभळट फुलांची ही झुडपं दिसायला गोजिरी, नाव मात्र गावानं अचूक ठेवलं आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढिवरांना बरोबर घेऊन तलाव पुन्हा जिवंत करण्याचं काम शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावच्या बाजूला केलं. त्यांनी ढिवरांनाच विचारलं की पाण्यात पूर्वी कोणत्या वनस्पती होत्या, कोणता मासा कशात अंडी घाली. मग बेशरम उपटली, त्या पाणवनस्पती परत लावल्या आणि देशी मासे वाढले. ढिवर बायकांनी त्यात पुढाकार घेतला. तलावाचं ज्ञान कोणापाशी आहे, एवढा एक प्रश्न त्यांनी बरोबर सोडवला.

परतताना बांधीतून आलो. कापलेल्या धानाच्या खुंटांमधून हिरवे नाजूक अंकुर डोकावत होते. मला तण वाटलं. ती लाखोरी होती. धान उभं असतानाच, जमिनीत ओल आहे तोवर, लाखोरी किंवा जवस त्यात फेकून देतात. नांगरट नाही, पाणी नाही. धान कापून नेलं की खाली दुसरं पीक उगवलेलं. याला उतेरा म्हणतात. लाखोरीनं पाय लुळे पडतात म्हणून तिच्या विक्रीवर १९६१ पासून बंदी होती. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं सत्याग्रह केले आणि महाराष्ट्र सरकारनं २००८ साली बंदी उठवली. दुष्काळात दुसरं काही न मिळाल्यानं महिनोन्‌महिने नुसती लाखोरी खाल्ली, तर ती बाधते. भाताबरोबर वाटीभर डाळ खाणारे इथले लोक बंदीच्या काळातही ती खातच होते.

दुपारी ताटात तीच आली. लाखोरीच्या डाळीचे वडे, वांगी आणि पोपटीच्या शेंगांची भाजी, जवसाची चटणी आणि भात. पोपटीच्या म्हणजे वालाच्या. काकूंनी विचारलं, "सांबार टाकू का जी वरून?" मी दाक्षिणात्य सांबाराच्या अपेक्षेनं हो म्हणालो, तर पानात चिरलेली कोथिंबीर पडली. भात चिन्नोरचा होता. बारीक, सुवासिक, आणि पिकायला वेळ घेणारा. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नंतर भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही. "मग सगळे चिन्नोरच का लावत नाही?" माझा पुणेरी प्रश्न. काकाजी हसले. चिन्नोर उंच वाढतो, वाऱ्यानं लोळतो, उतारा कमी. घरापुरता, पाहुण्यापुरता लावायचा. बाकी सारं लवकर येणारं वाण, खरेदी केंद्रावर घालायचं. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. ओसरीतल्या गप्पांत मी दोन दिवस ऐकले ते तीनच शब्द: केंद्र, बारदाना, बोनस. केंद्र कधी उघडणार, बारदाना आहे का, बोनस मिळणार का. जिप्सीतून हे ऐकू येत नाही.

त्या बोलण्याची चाल कानाला गोड. "ला"च्या जागी "ले": मले, तुले, पाहाले. "ण" नाहीच, म्हणून पानी, लोनी. आणि दर वाक्यामागे "जी". लहान पोरही "हव जी" म्हणतं, त्यात लाचारी नसते, नुसता आदर असतो. या बोलीचा अभ्यास साकोलीच्याच डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्यभर केला. तिला अशुद्ध मराठी म्हणणाऱ्यांना त्यांनी तिचं स्वतंत्र व्याकरण दाखवलं.

संध्याकाळी शेजारच्या गावात मंडई होती. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात, गावोगाव मंडया भरतात. दिवसभर गप्प असलेल्या मुलुखाचा आवाज तेव्हा ऐकावा. खेळण्यांची, जिलेबीची, बांगड्यांची दुकानं, लेकीबाळी माहेरी आलेल्या, आणि गर्दीतून वाजतगाजत येणारी मोरपिसांची उंच ढाल. ती गोवारींची. गुरं राखणारा हा समाज. नागपूरला २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेलेले ११४ गोवारी चेंगराचेंगरीत मेले. दिवाळीच्या ढालीचा आनंद आणि ती तारीख या समाजाच्या वर्षात काही दिवसांच्या अंतरानं येतात. ढाल नाचवणाऱ्या पोरांकडे बघताना ते माझ्या मनातून गेलं नाही.

रात्री दंडार, म्हणजे इथलं लोकनाट्य. मग पहाटेपर्यंत नाटक, पडदे, झगमगाट, मध्येच लावणी, मध्येच करुण प्रसंग. झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक मंडळ्या वडसा गावी तळ ठोकून असतात आणि हंगामात रोज नवं गाव गाठतात. नाटकाबद्दल काही लिहीत नाही. मी दुसऱ्या अंकात झोपलो. माझ्या पुढे गोधडी पांघरून बसलेल्या आजी मात्र शेवटपर्यंत जाग्या होत्या, आणि सकाळी सहाला विळा घेऊन बांधीवर.

निघायच्या दिवशी तोच म्हातारा पुन्हा भेटला, तीच सायकल. "भेटला का वाघ?" मी म्हणालो, तलाव पाहिला, तुडूम पाहिलं. त्यानं सायकल स्टँडवर लावली. तुडुमाचं खालचं लाकडी बूच कोणत्या साली बदललं, कोणत्या साली पाळ फुटता फुटता राहिली आणि रात्रभर कंदील घेऊन कोण कोण मातीच्या टोपल्या टाकत होतं, हे त्यानं पाऊण तास सांगितलं. माझी गाडी गेली.

जायचं असेल तर भाऊबीज ते देवदिवाळी या दिवसांत जा. आधी कोणाच्या तरी ओळखीनं कळवा, हॉटेल शोधाल तर साकोलीला परत यावं लागेल. कापणीच्या वेळी कडपांवर पाय देऊ नका. धुऱ्यावरून एकामागून एक चाला, आणि पाण्यासाठी पाडलेलं तोंड पायानं बुजलं तर खाली वाकून हातानं पुन्हा मोकळं करा. खालच्या बांधीतला माणूस वाट बघत असतो.